गजभिये मॅडमची कात्री

गजभिये मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चहाला नको म्हटलं आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा मागितल्या. "टूथपेस्ट सोडून," असंही वर म्हणाल्या. मी न्हाणीघरातून, फ्रिजच्या दारातून आणि नवऱ्याच्या दाढीच्या डब्यातून शोधून शोधून पिळवटलेल्या ट्यूबा आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, एकेकीवरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली, पर्समधून भरतकामाची असते तसली छोटी कात्री काढली आणि कचाकच सगळ्या ट्यूबा मधोमध कापल्या. माझ्या नव्या टेबलक्लॉथवर पांढरं मलम सांडलं. "नुसत्या फेकल्या असत्या तर संध्याकाळी कचऱ्यातून उचलून आणल्या असत्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे ना बापा."

आमची ओळख त्याच दिवशी सकाळी झाली होती. आम्ही जयपूरला बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. मी विमा कंपनीत, नवरा बँकेत, मालवीय नगरात भाड्याचं घर. मराठी मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाच्या रांगेत उभी होते आणि मागून आवाज आला, "मॅडम, मानेला काय लावून राहिल्या तुम्ही?" वळून पाहिलं तर एक सावळी, उंच बाई माझ्या चेहऱ्याकडे न पाहता माझ्या मानेकडे पाहत होती. त्यांची नजर तशीच होती. माणूस समोर आला की ती मनगट, मान, कोपराची घडी आणि पदर सरकला तर कंबर असा प्रवास करायची. चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा आणि नाव तर त्यांना तिसऱ्या भेटीपर्यंत आठवायचं नाही.

डॉ. संघमित्रा गजभिये मूळच्या अमरावतीच्या. नवरा रेल्वेत अधिकारी, त्याच्या बदल्यांमागून फिरत त्या जयपुरात आल्या होत्या आणि राजा पार्कात एका कचोरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्वचारोगाचा दवाखाना चालवत होत्या. जिन्यात हिंगाचा वास आणि वर बाकावर खाजवणारी माणसं. सांगानेरच्या छपाई कारखान्यांतले ओल्या कपड्यात दिवस काढणारे कारागीर, कोचिंग क्लासची पोरं, सासूला घेऊन आलेल्या सुना. सगळ्यांचं दुखणं बहुतेक एकच, ज्याला आपण गजकर्ण म्हणतो आणि तिथले लोक दाद म्हणतात. "डॉक्टरसाब, ठीक हो जाता है, फिर आ जाता है," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की पेशंटनं तोंड उघडल्यावर पुढचं त्याच पूर्ण करायच्या.

परत का येतं, हे त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं. मी रवा चाळत होते. "ही तुमची ट्यूब," चाळणीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "बुरशी म्हणजे एक नाही, लाखो. औषध तिच्या पेशीतल्या एका भागाला जाऊन चिकटतं आणि पेशीचं आवरणच तयार होऊ देत नाही. म्हणून ती मरते. पण लाखांत एखादीचा तो भाग जन्मतःच जरा वेगळा असतो, औषध तिथं चिकटतच नाही. तुम्ही काय केलं? चार दिवस लावलं, खाज थांबली, बंद केलं. पुन्हा खाज, पुन्हा चार दिवस. चाळत राहिल्या. बिचाऱ्या साध्या साध्या मरून गेल्या, वर उरले ते खडे. आता जी वाढून राहिली आहे ना तुमच्या मानेवर, ती साऱ्या खड्यांची औलाद आहे."

"मग चार दिवसांत खाज कशी थांबते?" मी विचारलं.

"कारण ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड आहे. ते तुमच्या शरीराच्या चौकीदाराला झोपवतं. चौकीदार झोपला, आरडाओरडा बंद. चोर मात्र घरातच." मग जरा थांबून म्हणाल्या, "औषध कोणाला काही शिकवत नाही ताई. ते फक्त निवडतं. कोणाला मागं ठेवायचं, ते आपण ठरवून राहिलो."

माझी मान बरी व्हायला हिवाळा उजाडला. औषध दुसरं दिलं आणि डाग गेल्यावरही कितीतरी आठवडे घ्यायला लावलं. नवऱ्यालाही लावायला लावलं, कारण टॉवेल एकच. पण तोवर मॅडमनी आमच्या मंडळात एक वादळ उठवलं होतं.

मंडळाकडे रेशमी सोवळ्यांची एक जोडी होती. कुणी पैठणहून आणून दिलेली, जरीकाठी. दहा दिवस रोज नव्या घराचा मान, आणि त्या घरातला पुरुष ते सोवळं नेसून आरती करणार. सप्टेंबरात जयपुरात घामाच्या धारा लागतात. आरती झाली की सोवळं काठीनं उचलून दोरीवर टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुढच्यानं नेसायचं. धुवायचं नाही. रेशमाला विटाळ नसतो, ही त्यामागची समजूत. मॅडमच्या दवाखान्यात दिवाळीपर्यंत मंडळातले पुरुष एकामागून एक यायला लागले, आणि सगळ्यांच्या कमरेला, बरोबर सोवळं खोचतात तिथं, लाल कडं. कुणी कबूल करत नव्हतं. सगळे एकमेकांना एकच ट्यूब सुचवत होते आणि काही तर एकच ट्यूब वापरत होते.

मंडळाच्या बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या की सोवळं उकळत्या पाण्यात धुवा, नाहीतर ज्यानं त्यानं आपापलं धोतर आणावं. इंदूकाकू मंडळाच्या अध्यक्ष. निवृत्त बँक मॅनेजरांच्या पत्नी, नाशिकच्या, कडक इस्त्रीच्या. वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं करतील, पण शब्द खाली पडू देणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सोवळ्यातलं तुम्हाला काय कळणार!"

त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळला. मॅडमच्या घरी दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. खजिनदारांनी उगाच घड्याळात पाहिलं. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मॅडम मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मला नाही कळत काकू. पण बुरशीला कळतं. तिला सगळे सारखेच चालतात." आणि पर्स उचलून गेल्या. त्यानंतर त्या दोघी समोरासमोर आल्या त्या थेट संक्रांतीला.

इंदूकाकूंच्या नातवाचं बोरन्हाण होतं. सून प्राजक्ता जयपुरातच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी, गोड मुलगी. तिनं मॅडमना बोलावलं होतं, काकूंना न विचारता. मुलाचं नाव ओजस, पण सगळे त्याला चिकू म्हणत. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि गाल असे की ज्याला त्याला ओढावेसे वाटत. काकू दिवसातून दोनदा त्याच्या गालावर काजळाची तीट लावायच्या. "माझ्या दुधातुपाचं बाळ आहे," म्हणायच्या. त्या दिवशी शनिवार होता. गच्च्यांवर पतंगांचा गोंगाट चालला होता आणि आत आम्ही चिकूच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतत होतो.

झबलं बदलताना मॅडमनी त्याला पाहिलं. आधी नेहमीप्रमाणे मान पाहिली, मग पाय, मग पोट. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्याच्या कपाळावरची मऊ लव बोटानं चाचपली. मानेमागे चरबीची वळी होती, पाय मात्र काटकुळे. मला तोवर ते दिसलंच नव्हतं. आम्ही सगळ्या फक्त गाल पाहत होतो.

"याला खाली काय लावता?" त्यांनी प्राजक्ताला विचारलं.

"मावशी, वो... मतलब, रॅश होता ना त्याला. लंगोटाच्या जागी. घरातली ट्यूब होती, तीच लावते. लावली की लगेच बरं होतं. सोडलं की परत येतं. म्हणून रोज लावते, तीन-चार महिने झाले."

तिनं ट्यूब आणली. मंडळातली तीच प्रसिद्ध ट्यूब. पुढचं सगळ्यांना पाठ होतं, आता कात्री निघणार. दोघीतिघी हसायलाही लागल्या. मॅडमनी पर्सला हात लावला नाही. ट्यूब त्यांनी पुन्हा प्राजक्ताच्या मुठीत ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हातानं बंद केली.

"ही कापायची नाही. बंदही करायची नाही. ऐकून राहिली ना?" त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली गेला होता. "हे बाळसं नाही बेटा, ही सूज आहे. या ट्यूबमधलं स्टिरॉइड कातडीतून आत जाऊन राहिलं आहे. शरीराला जगायला तसलंच एक रसायन लागतं, ते शरीर स्वतः बनवतं. याच्या शरीरानं बनवणं सोडून दिलं, कारण बाहेरून मिळतं. आज एकदम तोडलं तर याच्याजवळ काहीच उरणार नाही. ते हळूहळू सोडवावं लागते, दवाखान्यात." त्यांनी तिथूनच ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला फोन लावला. सोमवारी सकाळची वेळ मिळाली. "तोपर्यंत ताप आला, उलटी झाली, मलूल झाला, तर वाट पाहायची नाही. मला फोन, आणि सरळ हॉस्पिटल."

सोमवारी त्यांना गाडीतून न्यायचं मी कबूल केलं, कारण प्राजक्ताचा नवरा कामावर बाहेरगावी होता. सकाळी मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. चिकू प्राजक्ताच्या खांद्यावर होता आणि त्याची मान एका बाजूला कलली होती. अंगावर उलटीचा वास. डोळे अर्धे मिटलेले. हलवला तर हात नुसता लोंबला.

"रात से फीवर है," प्राजक्ता म्हणाली. ती घाबरून पूर्ण हिंदीत गेली होती. "मुझे लगा सर्दी है. आज तो जाना ही था."

"ट्यूब लावलीस ना?"

तिनं सासूकडे पाहिलं. इंदूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शनिवारी पाहुणे गेल्यावर त्यांनी ती ट्यूब शिवणाच्या कात्रीनं कापली होती. मधोमध, मॅडम कापतात तशी. "विष आहे म्हणतात आणि वर लावत राहा म्हणतात?" त्या पुटपुटल्या. "दुसऱ्या सगळ्यांच्या कापल्या की त्यांनी. माझ्याच नातवाला का लावायची?"

मी फोन लावला, स्पीकरवर. मॅडमनी ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "गाडीत बसा. मी तिथंच येते. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं, स्टिरॉइड एकदम बंद झालं. ताप नंतर, उलटी नंतर. हे पहिलं."

टोंक रोडवर सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. तारांवर फाटके पतंग लटकत होते. मागच्या सीटवर प्राजक्ता मुलाला "चिकू, चिकू, आँखें खोल" म्हणत होती आणि तो काही आवाज करत नव्हता. मी हॉर्नवरून हात काढलाच नाही. शेजारी काकू बसल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर पुढं आला. "कब से बुखार है?" त्यानं विचारलं. प्राजक्ता चिकूलाच हलवत होती. मी बोलणार तेवढ्यात काकू मला बाजूला सारून पुढं झाल्या. काकूंचं हिंदी म्हणजे एरवी आमच्या हसण्याचा विषय. त्या दिवशी त्या एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "बुखार बाद में. इसकी क्रीम में स्टेरॉइड था. बहुत महीने लगाई. मैंने काट दी. मैंने एकदम बंद की. मैंने."

डॉक्टरचा चेहरा बदलला. त्यानं मुलाला घेतलं, कुणाला तरी ओरडून हाका मारल्या आणि पडद्यामागे धावपळ सुरू झाली. साखर घसरली होती, रक्तदाब लागत नव्हता. शीर सापडेना. मग सापडली. इंजेक्शन गेलं. गजभिये मॅडम आल्या त्या दवाखान्यातला अ‍ॅप्रन तसाच अंगावर घेऊन. काकूंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पडद्याआड जाऊन त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि चिकूची टाच त्यांनी मुठीत धरली. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. टाच गार आहे, एवढंच एकदा म्हणाल्या.

दुपार झाली. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. मॅडम येऊन माझ्या शेजारी टेकल्या. "कात्री मीच दाखवली ना लोकांना," त्या म्हणाल्या. "वर्षभर कचाकच कापत फिरली. मजा वाटे. काहून कापते, काहून नाही कापत, ते अर्धंच सांगितलं. अर्धं औषध आणि अर्धा सल्ला, दोन्हीतून जे मागं उरतं ते भारी पडतं ताई." मी त्यांचा हात धरला.

आणि मग आतून रडणं ऐकू आलं. आधी मांजरासारखं बारीक, मग चांगलं खणखणीत, रागावलेलं. इंदूकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे!

पुढं चिकू आठवडाभर हॉस्पिटलात राहिला, स्टिरॉइड थेंबाथेंबानं कमी होत गेलं. त्याच्या कातडीचा नमुना खरवडून तपासायला पाठवला होता, त्याचा निकाल यायला बरेच आठवडे लागले. मॅडमना जी भीती होती तेच निघालं. नेहमीचं औषध त्या बुरशीवर चालणार नव्हतं. सोवळ्यातून आजोबांच्या कमरेला, तिथून टॉवेलातून आजीच्या कमरेला, आणि आजीच्या कडेवरून नातवाकडे, असा तिचा प्रवास असावा. वाटेत प्रत्येकानं ती ट्यूब चार चार दिवस लावली होती. बाळाच्या वाट्याला आली ती या सगळ्या चाळण्यांतून वर उरलेली. आता औषध वेगळं लागणार होतं, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी, डाग गेल्यानंतरही.

म्हणजे काकूंनाही तपासून घ्यावं लागणार होतं. त्यांना घेऊन मी राजा पार्कातला तो जिना चढले. आमचा नंबर आला. काकू टेबलाजवळ उभ्या राहिल्या, पदराशी चाळा करत. "मी तुम्हाला त्या दिवशी बैठकीत जे बोलले..." त्यांनी सुरुवात केली.

"काकू," मॅडम हातमोजे न घालताच उठल्या, "कंबर दाखवा."

काकूंनी निऱ्या सैल केल्या. मॅडमनी वाकून, बोटांनी चाचपत, त्या लाल कड्याची कड पाहिली. बराच वेळ पाहिली. मग नळाखाली साबणानं हात धुतले, चिठ्ठी लिहिली आणि काकूंच्या पिशवीतल्या ट्यूबा टेबलावर मांडल्या. कात्री काढण्याआधी प्रत्येक ट्यूबमागे विचारलं, ही कुणी लावली, कुठं, किती दिवस. उत्तरं मिळाल्यावरच कापल्या. त्यानंतर त्या नेहमी तसंच करायच्या. दवाखान्याची रांग त्यामुळं लांबली, पेशंट कुरकुरले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पुढच्या गणपतीत इंदूकाकूंनी बैठकीत सांगून टाकलं की ज्यानं त्यानं स्वतःचं, घरून धुऊन आणलेलं नेसावं. मंडळाचं सोवळं त्यांनी स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात घातलं होतं. ते आटून कुणालाच पुरेना, तेव्हा गणपतीच्या मखराला मागून पडदा म्हणून लावलं. शोभून दिसलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गजभिये साहेबांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेलं होतं. आम्ही निरोपाला गेलो तेव्हा मॅडम रिकाम्या घरात एका खोक्यावर बसल्या होत्या. इंदूकाकू चिकूला घेऊन आल्या. कडेवर नाही, हाताला धरून, कारण तो आता दुडुदुडु चालत होता. गाल पार उतरलेले, हनुवटी दिसायला लागलेली, हातपाय काटक. काकूंनी त्याला मॅडमच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा, किती बारीक झालाय." कुठल्याही आजीनं नातवाबद्दल हे इतक्या अभिमानानं म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

मॅडम हसल्या. त्यांनी चिकूला जवळ ओढलं. मी वाट पाहत होते की आता मान पाहतील, मग कोपराची घडी, मग झबलं वर करून कंबर. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निघायची हाक येईपर्यंत त्या फक्त चेहराच पाहत बसल्या.